ग्रीन किती वेगवान? – गोल्फस्पर्धेपूर्वीचे पाच दिवस

गोल्फचा खेळ आपल्यापैकी फार थोड्यांनी प्रत्यक्ष पाहिला असेल. पण त्याचे मूळ तत्त्व अगदी सोपे आहे. एक लहान, टणक चेंडू काठीने टोलवत टोलवत दूरच्या खळग्यात घालावयाचा आणि त्यासाठी कमीत कमी फटके खर्च करावयाचे. चेंडूचे वजन ४५.९३ ग्रॅमहून अधिक असता कामा नये व व्यास ४२.६७ मिलिमीटरहून कमी असता कामा नये. खळग्याचा व्यास १०८ मिलिमीटर. असे अठरा खळगे. प्रत्येकाभोवती अगदी बारीक कापलेले गवत असते, त्याला ‘ग्रीन’ म्हणतात. ग्रीनवर चेंडू उडवीत नाहीत. ‘पटर’ नावाच्या सपाट तोंडाच्या काठीने तो हलकेच घरंगळत सोडतात. या फटक्याला ‘पट’ म्हणतात.

आता समजा, तुमची पहिली हौशी स्पर्धा रविवारी आहे आणि आज मंगळवार आहे. मधल्या दिवसांत काय कराल? बहुतेक खेळाडू सरावाच्या मैदानावर जाऊन लांब लांब फटके मारीत बसतात. चेंडू दूर गेलेला पाहून मन सुखावते, हे खरे. पण हिशोब काय सांगतो ते पाहा. मोठ्या मैदानाचे ‘पार’, म्हणजे चांगल्या खेळाडूकडून अपेक्षित असलेली फटक्यांची संख्या, बहुधा ७२ असते. त्यांत प्रत्येक ग्रीनवर दोन पट गृहीत धरलेले असतात. म्हणजे ३६ फटके, बरोबर निम्मे, ग्रीनवरचे! टोकिओचे ऑलिंपिक २०२१ साली झाले, तेव्हा आपली अदिती अशोक चौथी आली. लांब फटका हे तिचे बलस्थान नव्हते, तिची भिस्त मुख्यतः पटरवर होती. चार दिवसांच्या खेळानंतर कांस्यपदक तिच्यापासून फक्त एका फटक्याने दूर राहिले. एका पटाचे मोल यावरून ध्यानात यावे.

पाच दिवसांत हाताची ढब बदलत नाही, आणि बदलू पाहूही नये. मात्र ग्रीनची ओळख करून घेता येते. आणि ही ओळख म्हणजे शुद्ध पदार्थविज्ञान आहे.

अमेरिकेत १९३५ साली ओकमाँट येथे राष्ट्रीय खुली स्पर्धा झाली. तेथे जीन सॅराझेन या नामवंत खेळाडूचा पट घरंगळत घरंगळत ग्रीनबाहेर गेलेला एडवर्ड स्टिंप्सन या हौशी गोल्फपटूने पाहिला. ग्रीन फारच वेगवान आहेत अशी त्याची खात्री झाली. पण ‘फारच’ म्हणजे किती? त्याने एक लाकडी साधन बनविले. १९७६ साली अमेरिकेच्या गोल्फसंघटनेच्या फ्रँक टॉमस यांनी ते ॲल्युमिनियममध्ये सुधारून घेतले व १९७८ पासून ते मैदानांना मिळू लागले. याचे नाव स्टिंपमीटर. सुमारे ९१ सेंटिमीटर लांबीची ही खोबणीची पट्टी. खालच्या टोकापासून ७६ सेंटिमीटरवर एक खाच असते, तीत चेंडू ठेवतात. पट्टीचे दुसरे टोक हळूहळू उचलले की साधारण २० अंशांचा कोन होताच चेंडू खाचेतून आपोआप सुटतो. त्यामुळे माणूस कोणीही असो, चेंडू गवतावर दर वेळी जवळजवळ त्याच वेगाने येतो. हा वेग सेकंदाला १.८३ मीटर असतो. मग चेंडू किती अंतर गेला ते मोजावयाचे. तीन चेंडू एका दिशेने, तीन उलट दिशेने, आणि सरासरी. अंतर फुटांत सांगण्याची पद्धत आहे.

समजा, आकडा १० फूट, म्हणजे ३.०५ मीटर आला. नववीच्या पुस्तकातले सूत्र आठवा: वेगाचा वर्ग = २ × त्वरण × अंतर. १.८३ चा वर्ग ३.३५. त्याला ६.१० ने भागले की ०.५५ येते. म्हणजे या ग्रीनवर चेंडूचा वेग दर सेकंदाला ०.५५ मीटर प्रतिसेकंद एवढा घटतो. आकडा ७ फूट असता, तर हेच ऋण त्वरण ०.७९ आले असते.

या एका संख्येचा उपयोग किती आहे, ते आता पाहू. खळग्यापाशी चेंडूचा वेग किती असावा? चेंडूची त्रिज्या २१.३ मिलिमीटर. खळग्यावरून जाताना तो निदान एवढा तरी खाली पडला पाहिजे, म्हणजे त्याचा मध्य काठाखाली येईल. एवढे पडावयास ०.०६६ सेकंद लागतात (करून पाहा). तेवढ्या वेळात चेंडूच्या मध्याला पुढे सरकावयास १०८ वजा २१.३, म्हणजे ८६.७ मिलिमीटर जागा मिळते. भागाकार केला की १.३१ मीटर प्रतिसेकंद वेग येतो. समोरच्या काठावर आपटूनही चेंडू कधी कधी आत पडतो, म्हणून खरी मर्यादा थोडी अधिक आहे. पण हे झाले अगदी मधोमध आलेल्या चेंडूचे. कडेवरून आलेल्या चेंडूला खळग्यावरची वाट तोकडी मिळते, म्हणून त्याचा वेग बराच कमी हवा. जोरात मारलेल्या चेंडूला खळगा जणू लहान होतो!

आणि १.३१ च्या वेगाने आलेला चेंडू चुकला तर? त्याच सूत्राने पाहिले तर १० फुटी ग्रीनवर तो १.५६ मीटर पुढे जाईल, ७ फुटी ग्रीनवर १.०९ मीटर. परतीचा पट दीड मीटरचा असणे नवशिक्याला धोक्याचे असते. म्हणून ग्रीन जितके वेगवान, तितका चेंडू खळग्यापाशी मंदावत येईल असा मारावा.

उताराची गोष्ट याहून मौजेची आहे. घरंगळणाऱ्या भरीव चेंडूची काही ऊर्जा फिरण्यात जाते, म्हणून उतारावर त्याचे त्वरण घसरणाऱ्या वस्तूच्या ५/७ पटच असते. शंभर मीटरला दोन मीटर असा सौम्य उतार घ्या. डोळ्यांना तो जेमतेम जाणवतो. त्याचे त्वरण सुमारे ०.१४ येते. चढावर ते ०.५५ मध्ये मिळवा, उतारावर वजा करा. आपला ३.०५ मीटर जाणारा चेंडू चढावर २.४३ मीटर जातो आणि उतारावर तब्बल ४.०९ मीटर! उतार शंभराला आठच्या जवळ गेला, तर या ग्रीनवर उताराकडे सोडलेला चेंडू थांबतच नाही. ओकमाँटला स्टिंप्सनने पाहिले, ते अशाच जातीचे काहीतरी असले पाहिजे.

शिक्षकांनी वर्गात विचारावा असा प्रश्न येथे आहे. २.४३ आणि ४.०९ यांची साधी सरासरी ३.२६ येते, ३.०५ नाही. असे का? कारण अंतर हे ऋण त्वरणाच्या व्यस्त प्रमाणात आहे. उताराचा परिणाम त्वरणात एकदा मिळविला आणि एकदा वजा केला जातो. अंतरांची बेरीज केली तर तो कटत नाही, अंतरांच्या व्यस्तांची केली तरच कटतो. म्हणून दोन्ही अंतरांच्या गुणाकाराची दुप्पट करून तिला त्यांच्या बेरजेने भागावे. उत्तर नेमके ३.०५ येते.

गवताचेही पाहावयास हवे. आपल्याकडील अनेक ग्रीनवर हरळीच्या कुळातलेच गवत असते. होय, गणपतीला वाहतो त्या दूर्वांचे भाऊबंद! ते आडवे पसरते. पाती ज्या दिशेला कलली असतील त्या दिशेने चेंडू अधिक जातो, उलट दिशेने कमी. सकाळच्या दंवात ग्रीन मंद असते, वाळल्यावर वेग वाढतो. म्हणून तुमची स्पर्धेतील वेळ सकाळी सातची असेल, तर सराव संध्याकाळी करून उपयोग नाही.

ही पाहणी मात्र आधीच उरकावी. फेरी सुरू असताना ग्रीनवर चेंडू घरंगळवून पृष्ठभागाची परीक्षा घेण्यास नियमाने बंदी आहे. आधीच्या दिवसांतही सरावाचे ग्रीन वापरा, किंवा मैदानाची देखभाल करणाऱ्यांना त्या दिवशीचा आकडा विचारा. ते तो आनंदाने सांगतात.

सराव कसा करावा यावरही प्रयोग झालेले आहेत. १९७९ साली शिआ आणि मॉर्गन या संशोधकांनी हाताच्या हालचाली शिकविताना एका गटाकडून एकच हालचाल पुनःपुन्हा करवून घेतली, दुसऱ्याकडून वेगवेगळ्या हालचाली उलटसुलट क्रमाने. सराव चालू असता पहिला गट सरस वाटला, पण दहा दिवसांनी दुसऱ्या गटाला अधिक चांगले आठवत होते. तेव्हा एकाच जागेवरून पन्नास पट मारू नका. दोन मीटर, मग सहा, मग चार, असे अंतर बदलत राहा. स्पर्धेतही एकच पट दोनदा मारावयास मिळत नाही.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. अठरा खळग्यांची चाल आठ-दहा किलोमीटरची होते, तेव्हा नवे बूट त्या दिवशी प्रथमच घालू नयेत. पाणी बरोबर असावे. पिशवीतील काठ्या आदल्या रात्री मोजाव्यात. चौदाहून एक जरी अधिक निघाली, तरी दंडाचे फटके चढतात. मुंबईहून पुण्याला खेळावयास जाणार असाल, तर तेथील हवा सुमारे पाच टक्के विरळ असते, म्हणून लांब फटका किंचित पुढे पडेल.

गोल्फचे मैदान जवळ नसले तरी स्टिंपमीटर तुम्हांला शाळेत करता येईल. दारा-खिडक्यांच्या कामातली ॲल्युमिनियमची अँगलपट्टी घ्या आणि तिचे एक टोक दोन पुस्तकांवर टेका. ठरावीक खुणेवरून गोटी सोडा. फरशी, सतरंजी आणि मैदानातील हरळी यांवर ती किती जाते ते मोजा. मग खूण दुप्पट अंतरावर करा. गोटी किती पट लांब जाईल, हे मोजण्यापूर्वी वहीत लिहून ठेवा.