तार केवढी असावी?

(विजेची उपकरणे आपण रोज वापरतो, पण त्यांना वीज पुरवणाऱ्या तारेकडे आपले लक्ष जात नाही. तार कशी निवडावी, हे या पाठात सोप्या उदाहरणांनी सांगितले आहे.)

मुलांनो, वर्धा जिल्ह्यातील सिंदी (रेल्वे) हे गाव नागपूर-वर्धा लोहमार्गावर आहे. तेथील स्टेशनवर उभे राहून वर पाहा. रुळांच्या वर करंगळीएवढी जाड तांब्याची तार दिसते. तिच्या विजेवर अख्खी मालगाडी धावते. मग घरातली तार साध्या गिझरने का तापते? चला, पाहू या.

तारेतून वाहणाऱ्या विजेला उर्दूत आपण 'बर्की रौ' म्हणतो. मराठीत तिला 'विद्युतप्रवाह' म्हणतात. प्रवाह अँपिअरमध्ये मोजतात. आंद्रे-मारी अँपिअर (१७७५-१८३६) या फ्रेंच शास्त्रज्ञाचे नाव या एककाला दिले आहे.

प्रयोगशाळेत प्रवाह अमीटरने मोजतात. अमीटर एकसर जोडतात, म्हणजे सगळा प्रवाह त्याच्यातूनच जातो. वायरमनजवळ टाँग टेस्टर असतो. त्याचा जबडा एका तारेभोवती बसवला, की तार न कापता प्रवाह कळतो. जबड्यात जाणारी व येणारी अशा दोन्ही तारा घेतल्या, तर तो शून्य दाखवतो; कारण त्यांतील प्रवाह उलट दिशांचे असतात.

उपकरणावर लिहिलेल्या वॅटला २३० व्होल्टने भागले, तरी प्रवाहाचा अंदाज येतो. २०० वॅटचा कूलर एक अँपिअरहून कमी प्रवाह घेतो. १००० वॅटची इस्त्री सुमारे ४.३, तर २००० वॅटचा गिझर सुमारे ८.७ अँपिअर घेतो. दोन्ही एकाच तारेवर लावले, तर प्रवाह १३ अँपिअर होतो.

प्रवाह दुप्पट झाला, की तारेतील उष्णता चौपट होते. बारीक तार लवकर तापते, तिचे आवरण वितळते आणि आग लागते. म्हणून दिवे-पंख्यांसाठी साधारणपणे १ किंवा १.५ चौरस मिलिमीटरची आणि गिझरसाठी २.५ किंवा ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घालतात. शेतातील मोटर दूर असेल, तर तार आणखी जाड लागते. नाहीतर वाटेतच दाब घटतो आणि मोटर जळते.

वितळतार, म्हणजे फ्यूज, ही घरातील तारांची राखणदार आहे. प्रवाह वाढला, की ती स्वतः वितळते आणि घर वाचवते. फ्यूज वारंवार जातो म्हणून काही लोक त्यात जाड तार बांधतात. मग फ्यूज वितळत नाही. भिंतीतली तार जळते!

आता रेल्वेकडे वळू. मालगाडीच्या मोठ्या इंजिनाला सुमारे ४५ लाख वॅट शक्ती लागते. सिंदीच्या तारेत २५,००० व्होल्ट दाब आहे. भागाकार करा : फक्त १८० अँपिअर! मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी भारतातील पहिली विजेची गाडी धावली, तेव्हा दाब १,५०० व्होल्ट होता. त्या दाबावर याच इंजिनाला ३,००० अँपिअर लागले असते. दाब वाढवला, की प्रवाह कमी होतो आणि कमी जाडीची तार पुरते. मात्र एवढ्या दाबाची तार हात न लावताही जीव घेऊ शकते. म्हणून उभ्या डब्यावर कधीही चढू नका.

मुलांनो, प्रयोग सेलवरच करा. घरातील विजेचे काम वायरमनलाच करू द्या. पण तार केवढी घातली, हे त्याला जरूर विचारा.

शब्दार्थ
लोहमार्ग - रेल्वेचा रस्ता. एकक - मोजण्याचे माप. आवरण - वरचे वेष्टन. राखणदार - रक्षण करणारा.

स्वाध्याय
१. टाँग टेस्टरच्या जबड्यात एकच तार का घेतात?
२. फ्यूजमध्ये जाड तार का बांधू नये?
३. तुमच्या घरातील तीन उपकरणांवरील वॅट वाचा व प्रत्येकाचा प्रवाह काढा.