कीर्द आणि खतावणी

चिकलठाणा,
रविवार

चि. भाचीबाईस मामाचे अनेक आशीर्वाद.

आईच्या हाती एक दोनशे पानी वही पाठवली आहे. तू मागितला होतास प्लॅनर, तेव्हा साधी वही पाहून नाक मुरडशील. पण प्लॅनरसाठी मी औरंगपुऱ्यातली चार दुकानं हिंडलो, बरं का! एका प्लॅनरमध्ये पानापानावर तास छापलेले, दुसऱ्यात विषयांना पाचच ओळी, तिसरा शाळेच्या वर्षाला जुंपलेला. तुझं वर्ष शाळेचं नाही. सकाळी गारखेड्याच्या क्रीडा संकुलात तलवारबाजी, त्यानंतर घरी एनआयओएसची, म्हणजे मुक्त शाळेची, दहावी. विषय सहा: मराठी, इंग्रजी, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्र आणि हौसेची चित्रकला.

शिवाय आपल्याकडे नळाला पाणी यायचा दिवस असतो! त्या दिवशी तास आखलेल्या पानाचं काय होतं, ते तुला सांगायला नको. दोन रकाने चुकले की पानच नासल्यासारखं वाटतं आणि आठवड्याभरात वही कपाटात जाते. म्हणून विषय घड्याळाला बांधू नकोस, आधीच्या कामाला बांध. सरावाहून येऊन जेवण झालं की गणित. मग जेवण बाराला होवो की दोनला.

आता मुद्द्याचं. एमआयडीसीत एका कारखान्याच्या स्टोअर्समध्ये मी नवा होतो तेव्हाची गोष्ट. कोणाला काय दिलं ते रोज रजिस्टरात वळणदार अक्षरात लिहायचो. पण तीच नोंद मालाच्या बिन कार्डावर चढवायचा कंटाळा करायचो. एक दिवस साधं बेअरिंग मागायला माणूस आला, तर रॅक रिकामा! मशीन दोन पाळ्या बंद राहिलं. मी रजिस्टर पुढे केलं, सगळं लिहिलंय म्हणालो. हेडक्लार्क शांतपणे म्हणाले, "कीर्द आहे. खतावणी कुठाय?"

कीर्दीत दिवसाचा हिशेब असतो, खतावणीत खात्याचा. बाजारातला प्लॅनर म्हणजे नुसती कीर्द. सहा विषयांत रोज काहीतरी केल्याचं समाधान मिळतं आणि एखादा विषय महिनाभर उपाशी राहिलेला कळतही नाही. तुझ्या बाबतीत तो सामाजिक शास्त्र असेल, अशी माझी पैज.

म्हणून ही वही दोन्हीकडून वापर. पुढून कीर्द: रात्री झोपण्याआधी, आज खरोखर काय झालं तेवढंच. उलटी धरून मागून खतावणी: प्रत्येक विषयाला समोरासमोरची दोन पानं, डावीकडे धड्यांची नावं, उजवीकडे चार रकाने – वाचला, प्रश्न सोडवले, उजळणी, शंका. कीर्दीतली नोंद त्याच रात्री खात्यावर चढव. दहा मिनिटांचं काम आहे. चित्रकलेच्या खात्याला हे रकाने चालायचे नाहीत. तिथं तुझे तू आख. गणिताला रोज थोडं लागतं, सामाजिक शास्त्रातल्या इतिहासाला एक सलग दुपार लागते. खातं सगळ्यांचं सारखं नसतंच.

रविवारी शिल्लक काढायची. समजा, विज्ञानाचे २४ धडे उरले आणि हाती १६ आठवडे आहेत. शेवटचे ४ उजळणीला ठेवले, तर उरले १२. म्हणजे आठवड्याला २ धडे. हा आकडा स्पर्धेच्या आठवड्यात बिघडेल. बिघडू दे. पुढच्या रविवारी नव्याने भागाकार कर, पण मागची तूट खोडून टाकू नकोस.

टीएमएच्या, म्हणजे एनआयओएसला द्यायच्या गृहपाठाच्या, तारखा मात्र लाल शाईने पहिल्या पानावर लिही. त्या गृहपाठाला २० टक्के वजन आहे, आणि ते शेवटच्या रात्री लिहिणारे बरेच असतात. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरला होते. प्रवेश पाच वर्षं टिकतो, त्यात नऊ संधी मिळतात, आणि सगळे विषय एकदम द्यायची सक्ती नाही. स्पर्धा आडव्या येत असतील तर तीन विषय आधी, बाकीचे नंतर, असं खुशाल ठरव. ठरवताना अंदाजाने बोलू नकोस, खतावणी उघडून बोल. पाच वर्षांची मुदत फार मोठी वाटते. मुदत मोठी असली की उधारी साचते, हे स्टोअर्सवाल्याला विचार.

आणि एक. कीर्दीत खोटं लिहायचा मोह होईल. न वाचलेला धडा वाचला म्हणून लिहिशील. ती वही मी तपासणार नाही, आईही नाही. त्या बेअरिंगच्या दिवसाआधी माझंही रजिस्टर कुणी तपासलं नव्हतं.

पहिल्या रविवारची शिल्लक तेवढी फोनवर कळव. आकडा वाईट असला तरी कळव.

तुझा,
मामा