ताणाची पायली

आम्हा धान पिकविणाऱ्यांना मापाचे महत्त्व सांगावे लागत नाही. पूर्वी पायली गावोगावी लहानमोठी असे. म्हणून 'दहा पायल्या' म्हटले, की कोणत्या गावची पायली, हेही विचारावे लागे. मानसशास्त्र शिकताना मला वाटू लागले, की मनाच्या मापालाही हाच प्रश्न विचारला पाहिजे.

विद्यार्थ्यांचा ताण मोजण्यासाठी जगभर प्रश्नावल्या वापरतात. शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांनी १९८३ साली अमेरिकेत १४ प्रश्नांची अशी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात प्रत्येक उत्तराला ० ते ४ गुण असतात. ताण किती वाटतो, हे तिच्यावरून कळते. त्याला तोंड कसे देतो, हे पाहण्यासाठी चार्ल्स कार्व्हर यांची १९९७ ची २८ विधानांची प्रश्नावली आहे. मदत घेणे, कृती करणे, स्वीकार, विनोद, धर्माचा आधार अशा १४ पद्धती तिच्यात येतात.

आता हीच विधाने आमच्या गोसीखुर्दच्या विद्यार्थ्यापुढे ठेवू. 'मी इतरांचा सल्ला घेतला' यापुढे तो 'मुळीच नाही' अशी खूण करील. एवढ्यावरून त्याला एकलकोंडा म्हणावे काय? माझ्याच घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेले नाही. परीक्षेविषयी विचारायचे कोणाला? दुसरे उदाहरण स्वीकाराचे. येथील धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली आणि पुढे अनेकांची शेती बुडिताखाली गेली. 'झाले ते झाले' म्हणणारा बाप त्याच दिवशी मुलाच्या फीची तजवीज करायला निघतो. कागदावर स्वीकार आणि कृती हे दोन रकाने आहेत. आमच्याकडे ते एकाच माणसात नांदतात.

भाषेचाही प्रश्न आहे. माझी आई 'ताण' म्हणत नाही, 'जिवाला घोर लागला' म्हणते. रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० साली उलट भाषांतराची रीत मांडली : भाषांतर दुसऱ्याकडून पुन्हा मूळ भाषेत करवून दोन्ही ताडून पाहावीत. त्याने शब्दांच्या चुका सापडतात. पण शब्दामागचे जगणे कळण्यासाठी आधी विद्यार्थ्यांशी त्यांच्या बोलीत बोलावे लागते.

मापे टाकून द्यावीत, असे मला म्हणायचे नाही. मोजल्याशिवाय आमचा घोर कोणाच्या दप्तरी लागणार नाही. मात्र दोन देशांच्या विद्यार्थ्यांचे गुण शेजारी मांडण्यापूर्वी पायली एकच आहे ना, हे पाहावे. नाहीतर ज्याला विचारायला कोणी नव्हते, त्याच्या नावापुढे 'मदत घेत नाही' एवढेच लिहिले जाईल.