शाळेतला अपाची सर्व्हर : मांडणी, जोडणी आणि दुरुस्ती



वर्गातली वीस मुले एकदम व्हिडिओ उघडतात आणि नेट बसून जाते, हे आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे आहे. यावर एक कमी खर्चाचा उपाय म्हणजे शाळेतल्याच एका जुन्या संगणकाला वेब सर्व्हर बनवणे. मग बाहेरचे इंटरनेट बंद असले तरी राउटर चालू आहे तोवर धडे, गोष्टींचे ऑडिओ, सरावपत्रिका सगळ्या टॅबवर दिसतात. आजच्या लेखात आपण त्यासाठी लागणारा अपाची सर्व्हर समजून घेऊया. आपला भर दुरुस्तीवर राहील, कारण बसवणे सोपे असते आणि अडचण पुढेच येते. दोन-तीनदा पान उघडले नाही की सर्व्हर कोपऱ्यात जातो आणि मुलांचा तास बुडतो.

अपाची म्हणजे काय?

ब्राउझर पान मागतो आणि सर्व्हर ते शोधून देतो, एवढेच त्याचे काम. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातील एनसीएसए या संस्थेत एक वेब सर्व्हर तयार झाला होता. तो वापरणाऱ्या काही लोकांनी आपापल्या दुरुस्त्या एकत्र केल्या आणि एप्रिल १९९५ मध्ये अपाचीची पहिली सार्वजनिक आवृत्ती आली. १९९९ मध्ये अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन झाले. हा मुक्त स्रोत आहे, म्हणजे फुकट वापरता येतो, उघडून पाहता येतो आणि बदलताही येतो. आपण शिक्षक एकमेकांची टाचणे सुधारून वापरतो ना, तसेच!

मांडणी

उबंटू किंवा डेबियन लिनक्सवर अपाची बसवला की त्याच्या सगळ्या सेटिंग 'ईटीसी' फोल्डरमधल्या 'अपाची२' या फोल्डरमध्ये असतात. आपली पाने मात्र 'व्हार', त्यात 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू', त्यात 'एचटीएमएल' या फोल्डरमध्ये ठेवायची. पत्ता टाकताना फाइलचे नाव दिले नाही, तर सर्व्हर 'इंडेक्स' नावाची फाइल शोधतो. म्हणून मुखपृष्ठाचे नाव तेच ठेवा.

इथे एक धोक्याची जागा आहे. इंडेक्स फाइल नसेल, तर या मूळ मांडणीत फोल्डरमधल्या सर्व फाइलींची यादीच ब्राउझरमध्ये दिसते. घाईत कोणी मुलांच्या आधार क्रमांकांची किंवा गुणांची फाइल तिथे ठेवली, तर ती कोणालाही उघडता येईल. त्यामुळे दोन गोष्टी कराच. मुख्य सेटिंग फाइलमध्ये या फोल्डरसाठी लिहिलेल्या 'ऑप्शन्स' ओळीतून 'इंडेक्सेस' हा शब्द काढून टाका. आणि मुलांची खाजगी माहिती त्या फोल्डरमध्ये कधीच ठेवू नका. यादी लपवली तरी नाव माहीत असणाऱ्याला फाइल उघडतेच.

जोडणी

अपाचीची जास्तीची कामे 'मॉड्यूल' करतात. पासवर्ड मागणे, पत्ता वळवणे, मजकूर दाबून लहान करून पाठवणे अशी कितीतरी. लागेल तेवढेच चालू करायचे. मॉड्यूल चालू करण्याची आज्ञा 'ए-टू-एन-मॉड' आणि बंद करण्याची 'ए-टू-डिस-मॉड'. यातला 'टू' हा आकडा आहे. वेगवेगळ्या इयत्तांसाठी वेगळ्या साइट करायच्या असतील तर 'ए-टू-एन-साइट' वापरतात. सर्व्हर फक्त शाळेच्या नेटवर्कपुरताच ठेवा, राउटरमधून बाहेरच्या जगाला दार उघडून देऊ नका.

दुरुस्ती : आधी निदान, मग इलाज

मुलाची वजाबाकी चुकली तर आपण त्याला सगळा धडा पहिल्यापासून शिकवत नाही. हातचा कुठे राहिला ते बघतो. सर्व्हरचेही तसेच आहे. पुसून पुन्हा बसवण्याआधी तो काय सांगतोय ते वाचा. पडद्यावरचा आकडा हा पहिला निरोप.

• ४०४ : सर्व्हर चालू आहे, पण त्या नावाची फाइल सापडली नाही. बहुतेक वेळा स्पेलिंग किंवा अक्षराचा आकार चुकलेला असतो. लिनक्सला इंग्रजी मोठी आणि लहान लिपी वेगळी वाटते, विंडोजला सहसा नाही. म्हणून फाइलींची नावे नेहमी लहान लिपीत आणि मधे जागा न सोडता द्या.

• ४०३ : वाट अडवली आहे. पेन ड्राइव्हवरून आणलेल्या फाइलीला, किंवा वाटेतल्या एखाद्या फोल्डरला, वाचण्याची परवानगी नसते. फक्त फाइल तपासून भागत नाही, वाटेतले प्रत्येक फोल्डर बघावे लागते. वर सांगितल्याप्रमाणे यादी बंद केली असेल आणि इंडेक्स फाइल नसेल, तरी हाच आकडा येतो.

• ५०० : सर्व्हरच्या आत काहीतरी बिघडले आहे. नोंदवही वाचल्याशिवाय हे कळत नाही.

• आकडाच नाही, पान फिरतच राहते : आधी सर्व्हरच्याच संगणकावर 'लोकलहोस्ट' उघडून बघा. तिथे उघडले तर सर्व्हर ठीक आहे, अडचण नेटवर्कची. अनेकदा राउटरने संगणकाला नवा आयपी पत्ता दिलेला असतो. राउटरच्या सेटिंगमध्ये तो पत्ता कायमचा राखून ठेवा.

• मराठीऐवजी विचित्र चिन्हे : फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा आणि पानाच्या सुरुवातीला तसे लिहा. पण मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केला असेल, तर सर्व्हरमध्ये काही करून उपयोग नाही. तो युनिकोडमध्ये बदलूनच घ्यावा लागेल.

दुसरा निरोप नोंदवहीत मिळतो. 'व्हार' फोल्डरमध्ये 'लॉग', त्यात 'अपाची२', आणि तिथे 'एरर' नावाची फाइल. वेळेसकट तक्रारी तिथे लिहिलेल्या असतात. शेवटच्या ओळीपासून वाचायला लागा. अपाची सुरूच होत नसेल आणि 'पत्ता आधीच वापरात आहे' अशा अर्थाची इंग्रजी ओळ दिसली, तर दुसरा एखादा प्रोग्राम ८० क्रमांकाचे पोर्ट अडवून बसला आहे असे समजा. सर्व्हरचे नाव ठरवता आले नाही असा इशारा मात्र बहुधा निरुपद्रवी असतो. 'सर्व्हरनेम'ची एक ओळ लिहिली की तो जातो.

दुरुस्ती करताना हा क्रम पाळा :

१. सेटिंग फाइलची प्रत काढून ठेवा.
२. एका वेळी एकच बदल करा.
३. 'अपाची-सीटीएल कॉन्फिगटेस्ट' ही आज्ञा द्या. 'सिंटॅक्स ओके' आले तरच पुढे जा.
४. सर्व्हर 'रीलोड' करा आणि पान पुन्हा उघडून बघा.

एकदम चार बदल केले आणि पान उघडले, तरी नेमके कशाने उघडले ते कळत नाही. पुढच्या वेळी आपण पुन्हा तिथेच अडकतो.

मुलांसाठी उपक्रम

पाचवीच्या पुढच्या मुलांना हे काम जरूर द्या. एका फाइलचे नाव मुद्दाम बदला आणि गटाला कारण शोधायला सांगा. काय दिसले, काय वाटले, काय करून पाहिले, काय झाले असे चार रकाने वहीत आखून घ्या. उत्तरापेक्षा दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्याला जास्त गुण द्या. पालकांनो, घरी जुना लॅपटॉप पडून असेल तर हाच उपक्रम सुट्टीत करता येईल.

आपल्या शाळेत सर्व्हरच्या शेजारी एक साधी वही ठेवा. कोणती अडचण आली, कशी सुटली, तारखेसह लिहा. आपली बदली झाली तरी पुढच्या गुरुजींना किंवा बाईंना ती उपयोगी पडेल आणि सर्व्हर चालू राहील.