तेल सांडण्याआधीचे बारा दिवस



कोप्पीकर रोडवरून समुद्र दिसत नाही, पण तो आपल्याला परकाही नाही. सुट्टीत कारवारला जाऊन आलेली घरे आपल्यात पुष्कळ आहेत. २००० नंतरच्या दशकात होसपेट-बळ्ळारीकडचे लोहखनिज भरलेल्या लॉऱ्या आपल्या गावावरून अंकोल्याच्या रस्त्याने बंदराकडे जात, हे पालकांना आठवत असेलच. त्याच किनाऱ्यावर घडलेल्या एका अपघातापासून हा पाठ सुरू करू.

३० मे २००६ रोजी 'ओशन सेराया' हे मालवाहू जहाज कारवारसमोरच्या ऑयस्टर रॉकच्या खडकांवर चढले. पावसाळा नुकताच सुरू होत होता. जहाजावर सुमारे ६५० टन इंधन तेल होते. ते सुटले आणि गोव्याच्या दक्षिण टोकाला, पोळेच्या किनाऱ्यापर्यंत गेले.

वर्गात हे सांगितल्यावर पहिला प्रश्न आला, "सर, जहाज तेलाचे नव्हते, मग तेल कुठून आले?" प्रश्न अगदी योग्य होता. मोठ्या जहाजाचे इंजिन चालवायला शेकडो टन तेल लागते आणि ते जहाजाच्याच टाक्यांत भरलेले असते. हे तेल बहुधा काळे आणि दाट असते. खडकाने टाकी फाडली की ते पाण्यावर पसरते आणि लाटांत घुसळून पाण्याशी मिसळले की त्याचा चिकट लगदा होतो. वाऱ्याच्या वेगाच्या साधारण तीन टक्के वेगाने तेलाचा तवंग सरकतो, शिवाय पाण्याचा प्रवाह त्याला ओढतो तो वेगळाच.

ते अडवायला पाण्यावर तरंगते कुंपण घालतात, त्याला बूम म्हणतात. आत अडकलेले तेल यंत्राने वरच्यावर ओढून घेतात. शांत खाडीत हे जमते. पण प्रवाह जरा जोराचा झाला की तेल बूमखालून निसटते आणि लाटा उंच झाल्या की वरून उडी मारते. आपल्याकडचा जून महिन्यातला समुद्र ज्यांनी पाहिला आहे, त्यांना अधिक सांगायला नको. म्हणून खरे काम टाकी फुटण्याआधीच करायचे असते. जहाज खडकावर असतानाच तेल दुसऱ्या जहाजात उपसून घ्यायचे.

हे वेळेवर झाले नाही तर काय होते, ते मॉरिशसमध्ये दिसले. १९ व्या शतकात कोकणातून उसाच्या मळ्यांत राबायला गेलेल्या मराठी माणसांचे वंशज तेथे आहेत आणि गणेश चतुर्थीची तेथे सार्वजनिक सुट्टी असते. २५ जुलै २०२० रोजी 'वाकाशिओ' हे सुमारे ३०० मीटर लांबीचे जहाज या बेटाच्या आग्नेय किनाऱ्याजवळ प्रवाळाच्या खडकावर चढले. मोबाइलचा सिग्नल मिळावा म्हणून ते किनाऱ्याच्या इतके जवळ आणले होते, असे पुढे चौकशीत आढळले! जहाजात माल नव्हता, पण जवळजवळ ४००० टन इंधन होते.

बारा दिवस जहाज तसेच राहिले. समुद्र खवळलेला होता आणि जहाज ओढणाऱ्या मोठ्या बोटी दूरच्या बंदरांतून यायच्या होत्या. ६ ऑगस्टला टाकी फुटली. सुमारे १००० टन तेल खाजणात पसरले. मग धावपळ झाली आणि १२ ऑगस्टपर्यंत उरलेले सुमारे ३००० टन तेल उपसून काढले गेले. १५ ऑगस्टला जहाजाचे दोन तुकडे झाले. म्हणजे शेवटच्या सहा दिवसांत जे साधले, ते आधीच्या बारा दिवसांत साधले नव्हते. हवामानाची अडचण खरी होती, तरी हा हिशेब आम्हाला अस्वस्थ करतो. भारताने तटरक्षक दलाचे दहा जणांचे पथक आणि ३० टनांहून अधिक सामग्री विमानाने पाठवली, ती १६ ऑगस्टला.

तोपर्यंत गावकरी हात बांधून बसले नव्हते. सरकारने काम आमच्यावर सोडा असे सांगितले, तरी माहेबूरच्या किनाऱ्यावर हजारो माणसे जमली. उसाचे पाचट कापडाच्या लांब पिशव्यांत भरले, तरंगण्यासाठी रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या घातल्या आणि घरचे बूम शिवले. कोणी केस कापून दिले, कारण केसांना तेल चिकटते. जे हाताशी होते तेच त्यांनी वापरले.

आपल्या हाताशी काय आहे? हुबळी तर कापसाची बाजारपेठ! आम्ही वर्गात परातीत पाणी घेऊन त्यावर हळद घातलेले दोन चमचे शेंगतेल सोडले. औषधाच्या दुकानातला कापूस पाणी पिऊन खाली बसला. जिनिंगमधून आणलेला कच्चा कापूस मात्र तरंगत राहिला आणि पिवळा होत गेला. कच्च्या कापसाच्या तंतूवर नैसर्गिक मेण असते, ते पाणी झटकते आणि तेल धरते. दुकानातल्या कापसाचे मेण धुऊन काढलेले असते. पाचटाने तेल अडवले खरे, पण परात हलवताच ते पलीकडे गेले. साबणाचे पाणी टाकल्यावर तवंग फुटून नाहीसा झाला आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग ढवळलेले पाणी काचेच्या पेल्यात घेतले, तर ते गढूळ दिसले. तेल गेले नव्हते, पाण्यात मिसळले होते. तवंग फोडणारी रसायने प्रवाळाजवळ फार जपून वापरतात, ती यासाठीच.

हा प्रयोग घरी करताना खायचेच तेल घ्यावे, इंजिनाचे नको. परातीतले पाणी मोरीत ओतण्याआधी वरचे तेल कच्च्या कापसाने टिपून घ्यावे. तेलकट कापूस विस्तवाजवळ न ठेवता पिशवीत बांधून कचऱ्यात द्यावा. कोणत्या वस्तूने किती तेल धरले, ते वहीत लिहून आणावे. नारळाचा काथ्या आम्ही मुद्दामच तुमच्यासाठी ठेवला आहे.