विसरवाडीच्या थंडीत ऑर्किडची निगा

उष्ण प्रदेशातून आलेल्या ऑर्किडला खानदेशातला हिवाळा दिवसा मानवतो. धोका असतो तो पहाटे. नवापूर तालुक्यात, सुरत-धुळे महामार्गावर कोंडाईबारी घाटाच्या पश्चिमेला असलेल्या विसरवाडी परिसरात डिसेंबर-जानेवारीतली दुपार अंगातला स्वेटर काढायला लावते आणि पहाट शेकोटीजवळून उठू देत नाही. दुपार आणि पहाट यांच्या तापमानात पंधरा-सोळा अंश सेल्सिअसचा फरक पडणे इथे नवलाचे नाही. अनुभव असा, की नुसत्या गारठ्याने रोपे क्वचितच दगावतात. गारठ्याला ओल येऊन मिळाली की दगावतात. हिवाळ्यातली सगळी निगा या दोघांची गाठ पडू न देण्यासाठी असते.

इथली थंडी

उत्तर भारतावरून पश्चिमी चक्रावात पुढे सरकला की त्याच्या मागोमाग उत्तरेकडचे कोरडे, गार वारे तापीच्या खोऱ्यात उतरतात. मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याहून कमी आणि सरासरीपेक्षा निदान ४.५ अंशांनी खाली असेल, तर हवामान विभाग त्याला थंडीची लाट म्हणतो. शेजारच्या धुळ्यात पारा ५ अंशांखाली गेल्याच्या नोंदी आहेत. नंदुरबार जिल्ह्यातच सातपुड्यातल्या तोरणमाळ आणि डाब परिसरात कडाक्याच्या थंडीत दवबिंदू गोठतात. विसरवाडीला इतकी थंडी पडत नाही. पण ऑर्किडला इजा होण्यासाठी बर्फ लागतोच असे नाही.

बातमीतला आकडा आणि कुंडीजवळचा आकडा एकच नसतो. रात्री डोंगरउतारावरची गार हवा जड होऊन नदी-नाल्याच्या खोलगट भागात साठते. त्यामुळे एकाच गावात नाल्याकाठच्या घराचा गारठा चढावरच्या घराहून जास्त असतो. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री उघड्या आभाळाखालचे पान आपली उष्णता थेट आकाशाकडे सोडते आणि भोवतीच्या हवेपेक्षाही काही अंशांनी थंड होते. दहिवर पडते ते याच कारणाने. डोक्यावर कौले, गच्च फांद्या किंवा साधी शेडनेट असली तरी ही हानी बरीच कमी होते. म्हणून अंगणातल्या खांबावर टांगलेले रोप आणि चार हातांवर ओसरीत टांगलेले रोप यांचा हिवाळा वेगवेगळा असतो. किमान-कमाल तापमापक विकत घेऊन तो भिंतीवर न लावता रोपांच्या उंचीवर लावावा. आठवडाभराच्या नोंदींतून घरातली सर्वांत गार आणि सर्वांत उबदार जागा कळून येते.

थंडीने रोपात काय बिघडते

फॅलेनॉप्सिससारख्या ऑर्किडच्या पेशींची आवरणे उष्ण हवामानासाठी घडलेली असतात. तापमान फार उतरले की ती ताठरतात आणि पेशीतला रस झिरपू लागतो. पानाच्या आतला पेशीसमूह कोसळतो आणि वरून खोलगट चट्टे दिसतात. आधी ते पाणी मुरल्यासारखे, फिकट असतात. मग तपकिरी किंवा काळे होतात. ही इजा उशिरा दिसते, आणि नेमकी हीच गोष्ट घात करते. थंडीची रात्र होऊन गेल्यावर रोप कित्येक दिवस हिरवेगार दिसते आणि दोन-तीन आठवड्यांनी पानावर डाग उमटतात. तोवर थंडी विस्मरणात गेलेली असते. डाग बुरशीचे समजून औषधाची फवारणी होते आणि आधीच दुखावलेल्या पानांवर आणखी ओल चढते.

मुळांचे वेगळेच घडते. गारठ्यात ती पाणी उचलण्याचे काम जवळपास थांबवतात. पाने सुरकुतलेली दिसतात म्हणून पाणी घातले जाते; ते तसेच साचून राहते आणि मुळे कुजतात. मुळे कुजली की पाने आणखी सुरकुततात, आणखी पाणी घातले जाते. हिवाळ्यात गेलेल्या रोपांपैकी पुष्कळशी अशा प्रेमानेच गेलेली असतात.

तिसरा धोका शेंड्याचा. फॅलेनॉप्सिस आणि व्हँडा यांची वाढ एकाच शेंड्यातून होते. पानांच्या बेचक्यात रात्रभर पाणी राहिले की जिवाणूंची कूज लागते आणि शेंडा गेला की रोपाची वरची वाढ कायमची थांबते. पत्र्याच्या छपराखाली हे विशेष घडते. पहाटे थंड पत्र्याच्या आतल्या बाजूला हवेतली वाफ निवून थेंब बनतात आणि ते नेमके खालच्या शेंड्यात टपकतात. छपराखाली कापडी किंवा नेटची आडवी झालर बांधल्यास हे टळते.

कोण किती सोसते

सगळी ऑर्किड एका मापाने मोजता येत नाहीत. फॅलेनॉप्सिस सर्वांत नाजूक. रात्री १६ अंशांच्या खाली त्याला ठेवू नये. थोडी थंडी मात्र त्यालाही हवी असते, कारण काही आठवडे तापमान साधारण २५ अंशांच्या खाली राहिले की त्याचा फुलांचा दांडा निघतो. खानदेशात हे काम दिवाळीच्या सुमारास आपोआप होते.

बाजारात सर्वाधिक मिळणारी संकरित डेंड्रोबियम आणि टांगती व्हँडा १५ अंशांपर्यंत निर्धास्त असतात. त्याखाली बरेच दिवस गेले तर डेंड्रोबियमची पाने पिवळी पडून गळतात. पण खोड टणक आणि हिरवे असेल तर रोप जिवंत समजावे. कॅटलिया कोरडी असेल तर १३ अंशांपर्यंत निभावून नेते. डेंड्रोबियम नोबिल हिमालयाच्या पायथ्याच्या प्रदेशातले. त्याला हिवाळ्यात गारवा आणि जवळजवळ पूर्ण कोरडेपणा हवाच असतो; या काळात पाणी आणि खत चालू ठेवले तर कळ्यांऐवजी खोडावर पिलेच फुटतात. सिंबिडियम रात्रीचे ८-१० अंश सहज सोसते. सिक्कीम-दार्जिलिंगमध्ये ते फोफावते, तर खानदेशात त्याची अडचण उलटी असते. इथल्या उन्हाळ्यातल्या गरम रात्रींमुळे ते धड फुलत नाही, म्हणून नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

हिवाळा कसा काढावा याचा धडा इथल्या रानातच आहे. आंबा, मोह अशा झाडांच्या खोडांवर वाढणारे व्हँडा टेसेलाटा, म्हणजे रास्ना, पानगळीच्या कोरड्या रानात तग धरून राहते. लोक त्याला बांडगूळ समजतात, पण ते झाडाचा रस शोषत नाही. फक्त त्याच्या आधाराने राहते. पावसाळा संपला की त्याला मिळते ते केवळ दहिवर, आणि तेही सकाळच्या वाऱ्या-उन्हात लगेच सुकते. मुळे उघडी आणि कोरडी असल्याने गारठा त्याला बाधत नाही. हे ऑर्किड रानातून उपटून आणू नये. जगातल्या सर्व ऑर्किडच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराचे नियंत्रण आहे, आणि रानातून ओरबाडलेले रोप घरी सहसा जगतही नाही.

दसऱ्यापासूनची तयारी

थंडीची तयारी थंडी पडल्यावर करता येत नाही. दसऱ्याच्या सुमारास कुंडीतला भरणा तपासावा. नारळाचे जुने सोडण पावसाळ्यात कुजून गाळासारखे झाले असेल, तर ते थंडीत आठ-आठ दिवस ओले राहते. असा भरणा ऑक्टोबरची ऊब असतानाच बदलून घ्यावा. कोळशाचे मोठे तुकडे, विटांचे तुकडे आणि थोडे ताजे सोडण हे मिश्रण लवकर सुकते. नोव्हेंबरनंतर कुंडी बदलू नये, कारण दुखावलेली मुळे थंडीत सांधत नाहीत. नत्राचे प्रमाण जास्त असलेली खते दिवाळीनंतर बंद करावीत. कोवळी, रसरशीत वाढ गारठ्याला आधी बळी पडते.

जागा निवडताना सूर्याचा विचार करावा. डिसेंबरच्या उत्तरार्धात इथे भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून सुमारे ४५ अंशांवरच असतो आणि दक्षिणेकडची ओसरी उन्हाने भरते. तीच जागा उत्तम. दक्षिण किंवा पश्चिमेकडची विटा-मातीची जाड भिंत दिवसभर ऊन पिते आणि रात्री ऊब सोडते; रोपे तिच्याजवळ असावीत. वाऱ्याची बाजू उत्तर आणि ईशान्य. तिकडे गोणपाटाचा किंवा जाड प्लॅस्टिकचा पडदा बांधावा, पण दिवसा तो गुंडाळता आला पाहिजे. कुक्कुटपालन नवापूर तालुक्याचा मोठा व्यवसाय असल्याने पोल्ट्री शेडला लावतात तसे दोरीने वर-खाली होणारे पडदे इथे सहज बांधून मिळतात.

डिसेंबर-जानेवारीत रोपे दूरच्या रोपवाटिकेतून मागवू नयेत. रात्रीच्या मालगाडीत किंवा ट्रकच्या हौद्यात ती गारठतात, घरी पोचल्यावर ताजी दिसतात आणि इजा पुढे उघड होते. अशा वेळी दोष कोणाचा, हे ठरवताही येत नाही. खरेदी सप्टेंबर-ऑक्टोबरात किंवा फेब्रुवारी उलटल्यावर करावी.

पाण्याचा नेम

हिवाळ्यात पाणी किती यापेक्षा केव्हा, याला महत्त्व आहे. सकाळी नऊ ते अकरा ही वेळ योग्य. संध्याकाळपर्यंत पाने आणि शेंडा पूर्ण कोरडा व्हायला हवा. गच्चीवरच्या टाकीतले पहाटेचे पाणी मुळांना झटका देते. बोअरवेलचे ताजे पाणी त्याहून उबदार असते. मात्र खानदेशातले बोअरचे पाणी बहुधा जड असते आणि मुळांवर क्षारांचा पांढरा थर धरतो. सोय असल्यास पावसाचे साठवलेले पाणी उन्हात कोमट करून वापरावे.

फॅलेनॉप्सिसला एरवीपेक्षा निम्म्याने पाणी पुरते. भरण्यात बोट घालून आत ओल लागली नाही तरच ते द्यावे. टांगत्या उघड्या मुळांच्या व्हँडाला मात्र सूर्य वर आल्यावर रोज हलका फवारा लागतो, कारण इथली हिवाळी दुपार कोरडी असते. कोरडेपणा घालवण्यासाठी कुंड्यांखाली पाणी भरलेले खड्यांचे ताट ठेवावे. कुंडीचा तळ पाण्याला टेकू देऊ नये. थंडीची लाट येणार असे कळले की दोन दिवस आधीच पाणी थांबवावे. कोरडे रोप ओल्या रोपापेक्षा दोन-तीन अंश जास्त गारठा सोसते, असे संगोपनात वारंवार दिसते.

लाटेच्या रात्री

पारा १५-१६ अंशांखाली जाणार असेल, तेव्हा फॅलेनॉप्सिस आणि डेंड्रोबियम सूर्य मावळण्याआधी घरात घ्यावीत. खिडकीच्या काचेला पान टेकू देऊ नये. मोठा संग्रह आत नेता येत नसेल तर सगळ्या कुंड्या भिंतीलगत एकत्र कराव्यात, मधोमध पाण्याने भरलेले दोन-तीन ड्रम ठेवावेत आणि वरून गोणपाट किंवा जुनी चादर झाकावी. दिवसा तापलेले पाणी रात्रभर हळूहळू ऊब सोडते. प्लॅस्टिकने झाकल्यास ते पानांना चिकटू देऊ नये आणि सकाळी लगेच काढावे. आत साचलेले दव शेंड्यात उतरते.

कोंबडीच्या पिल्लांना ऊब देण्यासाठी वापरतात तसा तारेचा बल्ब बंदिस्त कोपऱ्यात लावता येतो. त्याची उष्णता पानाला थेट लागू नये, म्हणून तो खाली आणि दोन-अडीच फूट दूर असावा. वीज जाण्याचा संभव धरून केवळ बल्बवर विसंबू नये. रूम हीटर हवा कोरडी करतो आणि कळ्या वाळवतो.

चूल, शेगडी किंवा शेकोटी रोपांजवळ पेटवू नये. अर्धवट जळणाऱ्या लाकडाच्या धुरात इथिलीन वायू असतो. त्याचा अंश लागला तरी उमलायला आलेल्या कळ्या पिवळ्या पडून झडतात. पिकायला घातलेली केळी, पपई, चिकू यांतूनही हाच वायू निघतो, म्हणून फळांची खोली आणि फुलांची खोली वेगळी असावी. बंद खोलीत पेटती शेगडी ठेवली तर कार्बन मोनॉक्साइडने माणसाच्याच जिवाला धोका असतो. रोपांसाठी तो पत्करू नये.

इजा झाल्यावर

गारठलेले रोप सकाळी एकदम उन्हात ठेवू नये. सावलीत, उबदार आणि वाहत्या हवेत ठेवावे. आठवडाभर पाणी व खत देऊ नये. शेंड्यात पाणी असेल तर कागदाच्या बोळ्याने टिपून घ्यावे. कोरडे, खोलगट चट्टे पडलेले पान कापू नये. उरलेला हिरवा भाग अजूनही अन्न तयार करत असतो. चट्टा ओला, दुर्गंधी येणारा आणि पसरणारा असेल तर मात्र ज्योतीवर तापवून थंड केलेल्या ब्लेडने निरोगी भागापर्यंत कापावे आणि कापलेल्या जागी दालचिनीची पूड लावावी. ही पूड मुळांवर सांडू नये, कारण ती त्यांना सुकवते. तांब्याची बुरशीनाशके डेंड्रोबियमवर वापरू नयेत. त्यांनी पाने भाजतात.

शेंडा गेलेले फॅलेनॉप्सिस लगेच फेकू नये. मुळे शाबूत असतील तर काही महिन्यांत बुडाशी नवे पिलू फुटू शकते. पाने झडलेले डेंड्रोबियम होळीच्या सुमारास बुडातून कोंब काढते. कोंबाला स्वतःची मुळे फुटेपर्यंत पाणी वाढवू नये.

हिवाळा सरताना

फेब्रुवारीत रात्रीचे तापमान सलग १५ अंशांच्या वर राहू लागले की पाणी टप्प्याटप्प्याने वाढवावे आणि नवी मुळे दिसली की निम्म्या तीव्रतेचे खत सुरू करावे. पडदे मात्र होळीपर्यंत काढू नयेत, कारण फेब्रुवारीतही एखादी गार लाट येऊन जाते. त्यानंतर या परिसरात ऊन झपाट्याने चढते. ज्या दक्षिणेकडच्या ओसरीने हिवाळ्यात रोपे वाचवली, तिथेच मार्चअखेरीस पाने करपू शकतात. म्हणून थंडीचे पडदे उतरवून ठेवण्याआधी शेडनेट बांधून घ्यावी आणि रोपे सावलीकडे हलवावीत.