शस्त्र प्रदर्शन बघायला जाताना : उरणच्या मुलांसाठी एक धडा



जानेवारी महिना आला की शाळेत एक सूचना फिरते. 'उद्या पोलीस ठाण्यात शस्त्र प्रदर्शन बघायला जायचे आहे.' एरवी रांगेत उभे राहायला कुरकुरणारा वर्ग त्या दिवशी आपोआप सरळ रांग धरतो! टेबलावर पांढरी चादर, तिच्यावर ओळीने मांडलेल्या बंदुका, शेजारी रिकामी मॅगझिन आणि पलीकडे उभे असलेले पोलीसदादा. पहिला प्रश्न दरवर्षी ठरलेला असतो : "काका, ही मिनिटाला किती गोळ्या मारते?"

प्रश्न चांगला आहे, पण एवढाच प्रश्न विचारून परत यायचे नाही. काय बघायचे, काय विचारायचे आणि काय लक्षात ठेवायचे, ते आज शिकूया.

हे प्रदर्शन का भरते?

२ जानेवारी १९६१ रोजी पंतप्रधान पंडित नेहरूंच्या हस्ते महाराष्ट्र पोलीस दलाला स्वतःचा ध्वज मिळाला. म्हणून २ जानेवारी हा पोलीस दलाचा स्थापना दिवस, म्हणजेच 'रेझिंग डे'. २ ते ८ जानेवारी हा आठवडा पोलीस ठाण्यांमधून साजरा होतो. शाळांना बोलावतात, बिनतारी संदेश यंत्रणा दाखवतात, कायद्याची माहिती देतात आणि शस्त्रेही दाखवतात. लष्कराच्या 'नो युवर आर्मी' मेळ्यात मोठ्या मशीनगन आणि तोफासुद्धा बघायला मिळतात.

टेबलावर काय काय असते?

सगळ्या बंदुका सारख्याच दिसतात ना? पण फरक ट्रिगर दाबल्यावर कळतो.

१. एसएलआर : सेल्फ लोडिंग रायफल. एकदा ट्रिगर दाबला की एकच गोळी. पुढची गोळी आपोआप भरली जाते, पण ती सुटायला बोट पुन्हा दाबावे लागते.
२. इन्सास : भारतात तयार झालेली ५.५६ मिलिमीटरची रायफल. हिच्यात एक-एक गोळी किंवा तीन-तीन गोळ्यांचा झटका, असे दोन पर्याय असतात.
३. एके-४७ : बोट दाबून धरले, तर मॅगझिन संपेपर्यंत गोळ्या सुटत राहतात.
४. कार्बाइन : पिस्तुलाची ९ मिलिमीटरची गोळी वापरणारी आखूड, स्वयंचलित बंदूक.

बोट दाबून धरले की मारा चालूच राहतो, हे मशीनगनचे मूळ लक्षण. तेवढे ध्यानात ठेवा.

आत नेमके काय होते?

न्यूटनचा तिसरा नियम तुम्हाला पाठ आहे. क्रिया तितकीच प्रतिक्रिया! गोळी पुढे गेली की बंदूक मागे धक्का देते. हा धक्का खांद्यावर वाया जातो, तो कामाला का लावू नये, असा विचार हिराम मॅक्झिम यांनी केला आणि १८८४ च्या सुमारास पहिली खरी स्वयंचलित मशीनगन तयार झाली.

एके, इन्सास, एसएलआर यांची पद्धत थोडी वेगळी. गोळी नळीतून जात असताना तिच्यामागच्या गरम वायूचा काही भाग एका छोट्या छिद्रातून बाजूला घेतात. तो वायू दट्ट्याला मागे ढकलतो. त्याबरोबर बोल्ट मागे सरकतो आणि रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते. स्प्रिंग बोल्टला पुन्हा पुढे ढकलते आणि येता येता तो मॅगझिनमधले नवे काडतूस नळीत भरतो. हे सगळे सेकंदाच्या दहाव्या हिश्शात!

आता गणित करा. एके-४७ चा वेग मिनिटाला साधारण ६०० गोळ्या. म्हणजे सेकंदाला १०. मॅगझिनमध्ये ३० गोळ्या. किती वेळात संपेल? तीन सेकंदांत. 'उरण नगरपरिषद' हे दोन शब्द सावकाश म्हणून बघा, तेवढ्यात तीस गोळ्या गेल्या. आता सांगा, ज्याच्या हातात ही बंदूक आहे, त्याला विचार करायला किती वेळ मिळतो? विचार आधीच करून ठेवावा लागतो. प्रशिक्षण म्हणतात ते हेच.

दुसरे गणित. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो आणि ही गोळी नळीतून निघताना सुमारे ७०० मीटर वेगाने निघते. म्हणजे जवळच्या अंतरावर गोळी आधी पोचते, आवाज नंतर! सिनेमातला नायक आवाज ऐकून बाजूला उडी मारतो ना, ते फक्त सिनेमातच.

आपण चालवू शकतो का?

हा दुसरा ठरलेला प्रश्न. उत्तर : नाही. शस्त्र अधिनियम १९५९ नुसार साधी बंदूक बाळगायलाही परवाना लागतो, आणि स्वयंचलित शस्त्र हे 'प्रतिबंधित शस्त्र' आहे. ते सामान्य माणसाला मिळत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानाधारकालाही तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात.

सगळीकडे असे नाही. अमेरिकेत केंटकी राज्यात नॉब क्रीक नावाच्या ठिकाणी अनेक वर्षे मशीनगनची जत्राच भरायची. लोक तिकीट काढून यायचे, जुन्या मोटारींवर गोळ्यांचा पाऊस बघायचे, शेजारी बंदुकांचा बाजार मांडलेला. २०२१ मध्ये ती शेवटची भरली. मात्र तिथेही मे १९८६ नंतर बनलेली नवी मशीनगन सामान्य नागरिकाला विकत घेता येत नाही. बंदुकांची एवढी हौस असलेल्या देशालाही इथे रेषा ओढावी लागली, हे लक्षात घ्या.

आजोबांचे उत्तर

आता थोडे वेगळे सांगतो. एका वर्षी प्रदर्शनाची सूचना वाचून झाल्यावर मधल्या सुट्टीत एक मुलगी माझ्याकडे आली. म्हणाली, "सर, आजोबा नको म्हणतात. म्हणाले, बंदूक आमी बघलेली हाय."

मी गप्प झालो. तिचे गाव जासईच्या बाजूचे. काय सांगणार?

मुलांनो, आपला तालुका बंदुकीला दोन्ही बाजूंनी ओळखतो. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरच्या अक्कादेवीच्या डोंगरात लोक जंगल सत्याग्रहासाठी जमले. इंग्रजांच्या जाचक जंगल कायद्याविरुद्ध लाकूडतोड करायची, एवढाच त्यांचा 'गुन्हा'. पोलिसांनी गोळीबार केला आणि आठ जण हुतात्मा झाले. त्यांत चिरनेरचे धाकू गवत्या फोफेरकर होते, नवश्या महादेव कातकरी होते. आगरी, कोळी, कातकरी, अशी सगळी साधी माणसे.

देश स्वतंत्र झाला. तरी १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला पुन्हा गोळ्या चालल्या. सिडकोने घेतलेल्या जमिनींचा योग्य मोबदला मिळावा म्हणून दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले होते. त्या दोन दिवसांत पाच जण गेले. प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित जमीन देण्याची योजना पुढे आली, तिच्यामागे या पाच जणांचे रक्त आहे.

तारखा बघा. शस्त्र प्रदर्शनाचा आठवडा ८ जानेवारीला संपतो आणि आठ दिवसांनी आपण जासईच्या हुतात्म्यांना वंदन करतो. आजोबा हट्टी नव्हते. त्यांच्या मनात तो आठवडा तुटलेलाच नाही.

मी त्या मुलीला सांगितले, "यायलाच हवे असे नाही. पण आलीस, तर आजोबांचा प्रश्न घेऊन ये." ती आली. सगळे गोळ्या मोजत होते, तेव्हा तिने विचारले, "काका, गोळी चालवायचा हुकूम कोण देतो? आणि नंतर त्याला कोणी विचारतं का?" पोलीसदादा क्षणभर थांबले. मग म्हणाले, "विचारतं. एकेका काडतुसाचा हिशेब लिहून द्यावा लागतो, बाळ. रिकाम्या पुंगळीचासुद्धा." त्या दिवशीचा सर्वांत चांगला प्रश्न तिचा होता.

त्याच बंदुकीची दुसरी बाजू

चिरनेरला दरवर्षी २५ सप्टेंबरला पोलीस हवेत फैरी झाडून हुतात्म्यांना मानवंदना देतात. मानवंदनेच्या काडतुसात दारू असते, गोळी नसते, म्हणून फक्त आवाज होतो. ज्या खात्याच्या बंदुकीने प्राण घेतले, तेच खाते आज नळी आकाशाकडे करून सलामी देते. १९३० साली त्या बंदुका परक्या सरकारच्या होत्या; आज त्या आपल्या मतांवर आणि आपल्या कायद्यावर चालतात. निदान चालायला हव्यात. १९८४ ने तेच शिकवले.

आणि तुकाराम ओंबळे यांना विसरू नका. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीजवळ त्यांच्या हातात फक्त लाठी होती, समोर एके-४७. त्यांनी ती नळी दोन्ही हातांनी धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या, पण सोडली नाही. म्हणून कसाब जिवंत सापडला. त्यांना मरणोत्तर अशोक चक्र मिळाले. शौर्य कधी कधी नळीच्या पुढच्या बाजूला उभे असते.

जाताना हे पाळा

- सांगितल्याशिवाय कशालाही हात लावू नका.
- रिकामी असली तरी बंदूक भरलेली आहे असेच समजा. नळी कुणाकडेही रोखू नका, फोटोसाठीसुद्धा नाही.
- बोट ट्रिगरपासून लांब.
- समुद्रकिनारी किंवा डोंगरात काडतूस, बॉम्बसारखी वस्तू दिसली तर उचलू नका. लांब व्हा, मोठ्यांना सांगा, ११२ ला फोन करा. सप्टेंबर २०१६ मध्ये आपल्याच उरणच्या शाळकरी मुलांनी संशयित शस्त्रधारी दिसल्याचे सांगितले आणि नौदल, पोलीस सगळे शोधाला लागले. कुणी सापडले नाही, पण मुलांचे बोलणे कुणी हसण्यावारी नेले नाही. म्हणून जे पाहिले तेच सांगा, तिखटमीठ न लावता.

स्वाध्याय

१. एसएलआर आणि एके-४७ यांतील मुख्य फरक लिहा.
२. ३०० मीटर अंतरावर आवाज पोचायला किती वेळ लागेल?
३. घरातल्या किंवा गावातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला १९८४ बद्दल विचारा. ते जे सांगतील, ते त्यांच्याच शब्दांत दहा ओळींत लिहून आणा.

तिसऱ्या प्रश्नाला गुण नाहीत. पण तो आधी सोडवा.